न धुतलेलं फडकं

लॉन्ड्रीवालीच्या घरात यायला धूळसुद्धा घाबरायची. खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि दोन्हीकडे कायदा एकच: मळलं की धुवायचं, आणि धुतलं की पुन्हा उजेडात धरून बघायचं. बाईचं नाक तर असं की डाग दिसायच्या आधी तिला त्याचा वास यायचा. गिऱ्हाइकानं शर्ट काउंटरवर ठेवला की ती घडी न उलगडताच सांगायची, "कफला शाई आहे, आणि पुढं कॉफी सांडलीय." गिऱ्हाईक ओशाळायचं. नवरा मागं इस्त्री फिरवता फिरवता गालात हसायचा. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याचीही या नाकापासून कधी सुटका झाली नव्हती.

अशा घरात जनावर येईल असं कुणी म्हणालं असतं, तर गल्लीनं त्याला वेड्यात काढलं असतं.

बारकीनं प्रयत्न कमी केले नव्हते. बारकी म्हणजे या दोघांची धाकटी, वय नऊ, अंगानं काटकुळी आणि हट्टाला पक्की. तिनं आधी कुत्रा मागितला. आई म्हणाली, केस. मग मांजर मागितलं. आई म्हणाली, केस, वर नखं, आणि उद्या कुणाच्या काळ्या कोटावर पांढरा केस निघाला तर दुकानाला टाळं लावू का? सशाचं नाव काढलं तेव्हा आईनं नुसते डोळे वटारले. बारकीनं विषय गुंडाळला.

पण मग मोठा भाऊ शिकायला दूरच्या शहरात गेला आणि पोर एकटी पडली. शाळेतून यायची, दुकानाच्या मागच्या खोलीत कपड्यांच्या गाठोड्यावर बसायची आणि काही विचारलं की "हं" म्हणायची. एरवी जिच्या तोंडाचा पट्टा बंद करायला रागवावं लागे, ती पोर "हं" वर आली. आईबाप दोघंही दिवसभर कामाला जुंपलेले. लॉन्ड्रीवालीला ते दिसत होतं आणि पोटात तुटत होतं, पण पोटात तुटलं म्हणून मशीन थांबत नाही.

शेवटी नवऱ्यानंच हळूच विषय काढला. "अगं, गिनीपिग बघायचे का? पिंजऱ्यात राहतात. भुंकत नाहीत, उड्या मारून कपाटावर चढत नाहीत. गवत खातात बिचारे."

"घाण करतात का?"

"आता खातात म्हटल्यावर..."

बाईनं सुस्कारा सोडला. पण नाही म्हणाली नाही. नवऱ्यानं तेवढ्यावरच शर्ट बदलला आणि बारकीला हाक मारली.

दोन गल्ल्या पलीकडे एक निवृत्त नर्सबाई राहायच्या. लोक हौसेनं गिनीपिग आणतात, हौस फिटली की टाकून देतात. असे टाकलेले जीव त्या सांभाळायच्या आणि चांगलं घर मिळालं तर द्यायच्या. चांगलं घर कोणतं, हे मात्र त्याच ठरवायच्या. तिघंही त्यांच्याकडे गेली तेव्हा त्यांनी आधी खुर्च्या दिल्या आणि मग उलटतपासणी सुरू केली. घरात उन्हाचा कडाका किती, दुपारी कोण असतं, भाजी कोण चिरतं, चार दिवस गावाला गेलात तर काय. बारकीनं पटापट उत्तरं दिली. इतके दिवस कोंडलेले सगळे शब्द पोरीनं तिथं मोकळे केले. लॉन्ड्रीवाली नुसती ऐकत राहिली, आणि त्याच घडीला तिनं मनाशी ठरवून टाकलं की आता काय वाटेल ते होवो, इथून रिकाम्या हातानं जायचं नाही.

बारकीला एक लांब केसांचा गिनीपिग भारी आवडला. नर्सबाई म्हणाल्या, "याला रोज विंचरावं लागतं, नाहीतर केसांच्या गाठी होतात. शाळा सांभाळून जमेल?" बारकी प्रामाणिक. तिनं विचार केला आणि नकारार्थी मान हलवली.

मग लॉन्ड्रीवाली पुढं सरसावली. तिनं एकेक जनावर हातात घेतलं आणि गिऱ्हाइकाचा भारी कोट तपासावा तसं तपासलं: डोळे स्वच्छ आहेत का, नाक कोरडं आहे का, कानात मळ आहे का, मागचा भाग मळलेला आहे का, केस कुठं विरळ झालेत का. नर्सबाई कौतुकानं बघत होत्या. "अगदी हेच बघायचं असतं," त्या म्हणाल्या. लॉन्ड्रीवालीच्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि पुढचा सगळा घोळ तिथंच सुरू झाला म्हणायला हरकत नाही.

दोन माद्या पसंत पडल्या. एक तपकिरी, गोल गरगरीत. दुसरी काळी, गळ्याभोवती पांढरा पट्टा असलेली. दोघी एकमेकींना टेकून एकाच गवताच्या काडीची दोन टोकं चघळत होत्या. लॉन्ड्रीच्या पोरीला नावं सुचायला वेळ लागला नाही. तपकिरी ती बटण आणि काळी ती कॉलर.

"एकच नाही का मिळणार?" नवऱ्यानं चाचरत विचारलं.

"एक मी कुणालाच देत नाही. हे कळपात राहणारं जनावर आहे. एकटं ठेवलं की झुरतं," नर्सबाई म्हणाल्या. "आणि माझी अट ऐकून ठेवा. दोघींचं बिनसलं आणि वेगवेगळं ठेवायची पाळी आली, तर मला कळवायचं. मी दोघींना परत घेऊन जाईन. बरं, आता साफसफाईचं सांगते. पिंजरा स्वच्छ करताना..."

"ते तुम्ही मला नका सांगू," लॉन्ड्रीवाली हसून म्हणाली. "तेवढं एक मला येतं."

नर्सबाईही हसल्या, आणि सांगायचं ते राहून गेलं.

पहिले दिवस कसे गेले विचारू नका. मागच्या खोलीत, गिऱ्हाइकांच्या कपड्यांपासून लांब, नवऱ्यानं ऐसपैस जाळीचं कुंपण केलं. मजला-बिजला नाही, कारण हे प्राणी चढत नाहीत, पळतात. खाली लोकरीसारखं मऊ जाड फडकं अंथरलं. दोन दारांची दोन खोकी ठेवली, म्हणजे एकीनं दुसरीला कोंडून घालायला नको. सुकं गवत चोवीस तास भरलेलं, कारण यांचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. शिवाय या जनावरांच्या अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोज खाण्यातून द्यावं लागतं. म्हणून सकाळी ढोबळी मिरचीच्या फोडी. त्या फोडी चिरायचं काम बारकीचं होतं, पण आईला त्या जाड वाटायच्या. मग आईच चिरायला लागली.

आठवडा संपला नाही तोच दोघींना फ्रिजचं दार ओळखता यायला लागलं. दार उघडलं की मागच्या खोलीतून अशी शिट्टी यायची की काउंटरवरचं गिऱ्हाईक दचकायचं. बारकी तर दिवसभर बोलत सुटली. बटण कशी झोपली, कॉलरनं जांभई कशी दिली, दोघी खूश झाल्या की जागच्या जागी कशा टुणकन उडतात. लॉन्ड्रीवाली म्हणायची, "पुरे झालं तुझं गिनीपिगपुराण." आणि बारकी शाळेत गेली की स्वतः जाळीपाशी उकिडवी बसून दोघींना काकडीची सालं भरवायची. नवऱ्यानं पाहिलं. शहाणा माणूस, तो पाऊल न वाजवता इस्त्रीकडे परतला.

आता साफसफाईचं ऐका. बाईनं रोज सकाळी खालचं फडकं काढायचं, नवं घालायचं. काढलेलं कढत पाण्यात, मग सुवासिक द्रावणात. खोकी पुसायची, जाळी पुसायची, फरशी पुसायची. गवताची काडी इकडची तिकडं दिसली की हिची झाडणी चाललीच. पिंजरा असा लखलखायचा की गिऱ्हाईक म्हणायचं, इथं जनावर आहे हे सांगूनही पटत नाही. बाईला वाटायचं, याहून मोठं प्रमाणपत्र कुठलं?

आणि त्या दोघींचं बिनसायला लागलं.

आधी दातांची कटकट ऐकू आली. मग कॉलर खोक्यात शिरली की बटण बाहेर ढकलली जायची. मग पाठलाग. बारकी शाळेतून आली की आधी जाळीपाशी जायची आणि तोंड एवढंसं करून यायची. लॉन्ड्रीवालीला एकच औषध ठाऊक होतं. तिला वाटलं, कुठं तरी वास राहत असेल, म्हणून चिडतात. तिनं फडकं दिवसातून दोनदा बदलायला सुरुवात केली. भांडणं वाढली. मग एका सकाळी बटण आपल्याच मुतात लोळलेली दिसली आणि बाईला राहवलं नाही. तिनं तिला कोमट पाण्यात घेतलं, बाळाच्या सुगंधी साबणानं चोळून धुतलं, टॉवेलात गुंडाळून कोरडं केलं आणि फुलासारखी घमघमणारी बटण जाळीत सोडली.

कॉलरनं तिला हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि झडप घालून कान फोडला.

रक्त बघून नवऱ्यानं मध्ये टॉवेल टाकला म्हणून निभावलं. जखम लहान होती, डॉक्टरांनी मलम दिलं. कुंपणाच्या मध्ये जाळी उभी राहिली, एकीकडे एक, दुसरीकडे दुसरी. त्या दिवशी मागच्या खोलीतून शिट्टी आली नाही. फ्रिज दहादा उघडला तरी नाही.

बारकीनं संध्याकाळी फोन उचलला आणि स्वतःच नर्सबाईंना सगळं सांगितलं. कुणी तिला सांगायला लावलं नव्हतं. अट होती म्हणून तिनं सांगितलं. "रविवारी येते," नर्सबाई म्हणाल्या. बारकीनं फोन ठेवला, आईकडे बघितलं आणि म्हणाली, "त्या नेणार दोघींना." मग गाठोड्यावर जाऊन बसली. आईनं जेवायला हाक मारली तर उत्तर आलं, "हं."

पोर रडली असती, आदळआपट केली असती तर लॉन्ड्रीवाली समजूत घालू शकली असती. त्या "हं" पुढं तिनं हात टेकले.

शनिवारी सकाळी ती काउंटरवर उभी होती, पण जीव थाऱ्यावर नव्हता. एक तरुण बाई कडेवर बाळ आणि हातात भलं मोठं बोचकं घेऊन आली. लॉन्ड्रीवालीनं बोचकं सोडलं आणि कपडे मोजायला घेतले. मध्येच एक छोटीशी दुलई निघाली, दुधाच्या डागांनी कडक झालेली. तरुण बाईनं घाईघाईनं ती ओढून घेतली.

"ही नको. चुकून आली."

"अहो, हीच तर सगळ्यात मळलीय. उद्या नवी करून देते तुम्हाला."

"नको नको. मागं एकदा धुतली तर याला ती आपली वाटेचना. रात्रभर रडला. हिचा वास गेला की याची दुलई गेली." बाळानं दुलईत तोंड खुपसलं होतं आणि सुखानं डोळे मिटले होते.

लॉन्ड्रीवाली कपडे मोजायची थांबली. एरवी तिनं त्या बाईला साबणाचे चार प्रकार ऐकवले असते. आज ती त्या बाळाकडे बघत राहिली. तिला त्या दोघींची भांडणं आठवली, सगळी फडकं बदलल्यानंतरची. घमघमणारी बटण आठवली, आणि तिला दोनदा हुंगणारी कॉलर. बिचारीनं दोनदा विचारलं होतं, तू कोण?

"अरे देवा," ती पुटपुटली. "मीच धुऊन टाकलं सगळं."

गिऱ्हाइकाला तिथंच ठेवून तिनं फोन लावला. "नर्सबाई, त्या दिवशी तुम्ही साफसफाईचं सांगत होता आणि मी मध्येच तोंड घातलं. काय सांगत होता?"

नर्सबाई म्हणाल्या, "हेच की अगदी लखलखीत करायचं नाही. ओला भाग रोज काढायचा, पण दर वेळी जुन्यातलं थोडं मागं ठेवायचं. त्यांचं घर वासाचं असतं. वास गेला की त्या रोज परक्या घरात उठतात."

"मग आता? पुन्हा जमेल?"

"जमेल किंवा नाही जमणार. दोघींचा जुना वास असलेलं काही असेल तर बघा. तिसऱ्याच मोकळ्या जागेत सोडा, भरपूर गवत टाका, दात वाजवले तरी मध्ये पडू नका. पुन्हा रक्त आलं तर मात्र संपलं. मी येतेच आहे उद्या, त्यांना न्यायची पेटी घेऊन."

जुना वास. बटणच्या अंघोळीच्या दिवशी काढलेलं फडकं. कान फुटल्याच्या गडबडीत ते न धुताच घरच्या गाठोड्यात गेलं होतं, आणि घरचे कपडे शनिवारी मशीनमध्ये जायचे. लॉन्ड्रीवाली वळली. नवऱ्यानं मशीनचं दार लावलं होतं आणि ते चालूही केलं होतं.

"अहो, थांबवा."

"लागलं पण. आता पाणी घेईल."

या बाईनं आयुष्यात चालू मशीन बंद केलं नव्हतं. तिनं भिंतीशी जाऊन सरळ वायर उपटली. दुकानातले दिवे लुकलुकले, तरुण बाईचं बाळ जागं झालं, नवरा तोंड वासून उभा राहिला. मशीनच्या दाराचं कुलूप सुटेपर्यंत ती काचेला नाक लावून आत बघत होती. मग तिनं हात घातला, चादरी बाहेर फेकल्या आणि तळातून ते फडकं ओढलं. कोरडं होतं. तिनं ते नाकाशी नेलं. गवत, मूत, ओल, जनावर. दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिला मळमळलं असतं. आज तिनं पुन्हा एकदा छाती भरून वास घेतला आणि फडकं पोटाशी धरलं.

"बरी आहेस ना तू?" नवऱ्यानं विचारलं.

"इतकी बरी कधीच नव्हते," ती म्हणाली.

रविवारी दुकान बंद. इस्त्रीच्या खोलीतलं टेबल भिंतीला लावलं, वायरी उचलल्या. तिथं बटण आणि कॉलर कधी गेल्या नव्हत्या, म्हणजे जागा दोघींना सारखीच परकी. मधोमध गवताचा ढीग, आणि ढिगाखाली ते फडकं. त्याआधी लॉन्ड्रीवालीनं त्याच फडक्यानं बटणची पाठ, पोट, गाल पुसून काढले. कानाला मात्र धक्का लागू दिला नाही. मग कॉलरला पुसलं. नवरा टॉवेल घेऊन एका कोपऱ्यात, बारकी दुसऱ्या कोपऱ्यात, हात मांडीखाली दाबून. "कितीही काही झालं तरी उठायचं नाही," आईनं बजावलं होतं.

दोघींना एकदमच सोडलं.

आधी काहीच झालं नाही. मग कॉलरचे दात वाजले. बटण मागं सरली, तिचेही वाजले. कॉलर मागचा भाग डोलवत, घशात घुर्रर्र करत तिच्याभोवती फिरायला लागली. दोघींच्या मानेवरचे केस उभे राहिले. दोघींनी हनुवट्या वर केल्या, एकमेकींहून उंच. नवऱ्यानं टॉवेल उचलला. "ठेवा तो खाली," लॉन्ड्रीवाली दबक्या आवाजात म्हणाली.

तेवढ्यात दार वाजलं. नर्सबाई पेटी घेऊन आत आल्या, एक नजर टाकली आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

कॉलरनं झेप घेतली. बटण गवताच्या ढिगात घुसली, कॉलर तिच्या मागोमाग. ढीग हलला, काड्या उडाल्या. आत काय चाललंय कुणाला दिसेना. पोर ओठ चावत बसली होती. लॉन्ड्रीवालीच्या मनात आलं, आत्ता हात घातला तर निदान कान तरी वाचेल. तिनं हात पुढं नेला आणि परत घेतला. आजवर सगळ्या गोष्टी तिनं हात घालूनच नीट केल्या होत्या. हे पहिलंच काम असं निघालं, ज्यात हात आवरण्यालाच काम म्हणायचं होतं.

ढीग हलायचा थांबला.

मग कुरकुर कुरकुर आवाज आला. गवत चावल्याचा. एका तोंडाचा, मग दोन तोंडांचा. बारकी पोटावर पालथी पडली आणि तिनं ढिगाखालून बघितलं. बटण त्या मळक्या फडक्यात रुतून बसली होती. कॉलरनं तिला हुंगलं, फडकं हुंगलं, पुन्हा तिला हुंगलं. आणि अंग सैल सोडून तिच्या कुशीला टेकून बसली, गळ्याचा पांढरा पट्टा बटणच्या पाठीवर.

कुणीही हललं नाही. थोड्या वेळानं कॉलर बाहेर आली, खोलीच्या मधोमध थांबली आणि कारण नसताना जागच्या जागी टुणकन उडाली. मग तिच्या मागं बटणही उडाली, आपलं गरगरीत अंग घेऊन.

"आई, उडाल्या," बारकी म्हणाली. "दोघी. आई, बघ ना, दोघी उडाल्या. कॉलर आधी, मग बटण, आणि बटण किती वाकडी पडली बघितलंस का, बाबा, तुम्ही बघितलंत का..." पोरीची टकळी जी सुरू झाली ती थांबेना, आणि तिला थांबवावं असं कुणाला वाटेना. लॉन्ड्रीवाली फरशीवर बसून सगळ्यांदेखत ढसाढसा रडली. नाक पदराला पुसलं, आणि पदर मळला याची तिनं दखलही घेतली नाही.

नर्सबाई खाली वाकल्या. दोघींचे कान पाहिले, दात पाहिले, पोटं चाचपली. मग खोलीत जरा नाक वर करून म्हणाल्या, "वास येतोय हो चांगलाच."

"येणारच," लॉन्ड्रीवाली ताठ होऊन म्हणाली. "त्यांच्या घराचा आहे."

नर्सबाई हसल्या, चहा प्यायल्या, बारकीचं अथपासून इतिपर्यंत सगळं ऐकून घेतलं आणि निघाल्या. बारकी धावत त्यांच्या मागं गेली, कारण पेटी तिथंच राहिली होती.

"राहू दे ती तुमच्याकडेच," त्या दारातून म्हणाल्या. "डॉक्टरांकडे न्यायला लागेल कधी. मला तिचं आता काय काम?"